थॉर्नशॉच्या तलावाचा प्रश्न

आमचा पक्ष निवडणूक जिंकला आणि विनिफ्रेड ओग्डेनची नोकरी गेली. हे सांगितलं की लोक हसतात. मला अजून हसू येत नाही. विरोधी पक्षाला कचेरी चालवायला सरकारी तिजोरीतून पैसा मिळतो, आणि पक्ष सत्तेवर आला की तो बंद होतो. चौदा वर्षं जिंकण्यासाठी राबायचं आणि जिंकल्यावर गाशा गुंडाळायचा, असा आमच्या लंडनचा शहाणपणा.

मी तिच्या समोरच्या टेबलावर बसायचो, वाहतुकीच्या छाया मंत्र्याचा कारकून म्हणून. विनी स्थानिक स्वराज्याच्या छाया मंत्र्याकडे होती. सरकारातल्या खऱ्या मंत्र्यावर नजर ठेवायची, त्याला सभागृहात प्रश्नांनी घेरायचं आणि आपलं राज्य आलं तर काय करायचं ते तयार ठेवायचं, हे या पदाचं काम. गाडी नाही, अधिकार नाही. आमचा पक्ष हे पद कुणाच्या तरी गळ्यात मारायचा. चौदा वर्षांत सहा जण झाले. एकाला नेत्याशी भांडल्याची शिक्षा म्हणून मिळालं, एकाला म्हातारपणाची सोय म्हणून. तिसरा तर चहा गार व्हायच्या आत दुसऱ्या खात्यावर गेला. पहिल्या दिवशी प्रत्येक जण हाच प्रश्न विचारायचा, "विनी, हे खातं नेमकं करतं तरी काय?"

"कचरा, गटारं, वाचनालयं, दफनभूमी," विनी सांगायची.

"बस? एवढंच?"

"जन्मापासून पुरेपर्यंत माणसाला एवढंच लागतं, साहेब."

तिचं स्वतःचं मागणं एकच होतं. उत्तरेकडच्या थॉर्नशॉ गावात गिरणी कामगारांनी वर्गणी काढून पोहण्याचा तलाव आणि त्याला लागून न्हाणीघरं बांधली होती. घरात मोरी नसलेली अख्खी वस्ती शनिवारी तिथं अंघोळीला यायची, आणि विनीची आई त्यांना टॉवेल द्यायची. पुढे तो तलाव नगरपालिकेकडे गेला आणि पालिकेला तो विकायचा होता. लोकांनी बांधलेली वास्तू लोकांचं मत घेतल्याशिवाय विकता येऊ नये, असं एक कलम विनीला कायद्यात हवं होतं. दर अधिवेशनाला ती तसा प्रश्न लिहून द्यायची. एका साहेबानं त्यातून गावाचं नाव काढलं, दुसऱ्यानं कलम काढलं, आणखी एकानं त्यात स्वतःचा विनोद घातला. सरकारचं उत्तर मात्र कधी बदललं नाही: 'हा विषय पूर्णपणे स्थानिक संस्थेच्या अखत्यारीतला आहे.'

सहावा होता डेस्मंड ॲटवेल. हा बरा निघाला, निदान आम्हाला तसं वाटलं. ते उत्तर ऐकून त्यानं भर सभागृहात मूठ आपटली होती. "ही हात झटकण्याची सभ्य रीत आहे!" म्हणाला. वाक्य अर्थातच विनीचं. परतल्यावर तिला म्हणाला, "आपलं सरकार येऊ दे, विनी. पहिल्या वर्षात तुझं कलम."

सरकार आलं. खातं भलत्यालाच मिळालं आणि ॲटवेल त्याचा उपमंत्री झाला. आम्हाला सोमवारी दुपारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं, कारण हरलेला पक्ष तिथं राहायला येणार होता. मला पक्षाच्या मुख्य कचेरीत जागा मिळाली. विनीला नाही. तिनं तिची सगळी टिपणं खोक्यात भरली आणि मंत्रालयाच्या दारात नेऊन दिली. पहारेकऱ्यानं खोकी घेतली, तिला आत घेतलं नाही.

चार महिन्यांनी विनीच्या अर्जाला मंत्रालयातून उत्तर आलं. थॉर्नशॉचा तलाव मोटारींच्या दुकानासाठी विकायचं पालिकेनं ठरवलं होतं. पालिका आमच्याच पक्षाची. 'हा विषय पूर्णपणे स्थानिक संस्थेच्या अखत्यारीतला आहे,' असं ॲटवेलनं कळवलं होतं. खाली त्याची सही होती.

विनी आमच्या जुन्या खोलीत गेली आणि तिथं बसलेल्या नव्या छाया मंत्रीणबाईंना तिनं आपला प्रश्न दिला. बाईंचं नाव कॉर्डेलिया फॅनशॉ, गळ्यात मोत्यांची माळ. याच बाईंचा पक्ष चौदा वर्षं विनीला ते उत्तर देत आला होता. मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

"त्यांच्याकडे गेलीस? लाज नाही वाटली?"

"मग कुणाकडे जाऊ, आल्फ? आपल्याकडे आता प्रश्न विचारणारं कुणी उरलंय का? सगळे उत्तरं द्यायला बसलेत."

मी पक्षाचा पगारी माणूस. तरी प्रश्नाच्या दिवशी मी तिच्याबरोबर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. फॅनशॉबाईंनी प्रश्न वाचला. गावाचं नाव, कलम, सगळं जसंच्या तसं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच विनीचा प्रश्न कुणी एक शब्द न गाळता वाचला, आणि तो शत्रूनं. ॲटवेल उठला. त्यानं वर पाहिलं नाही. ते वाक्य म्हणाला आणि बसला. आमच्या बाकांवरून शाबासकीचा गलका झाला. त्यातले निम्मे तरी विनीच्या हातचा चहा प्यायलेले होते. मला त्यांची किळस आली, आणि माझीही.

बाहेर फॅनशॉबाई खुशीत दिसल्या. पत्रकार त्यांची वाट पाहत होते. विनीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय चेहरा पडला हो त्याचा! झकास जमलं. पुढच्या आठवड्यासाठी असंच काही आहे का तुमच्याकडे?"

"आणि तलाव?" विनीनं विचारलं.

"कुठला तलाव?"

विनीनं गावाचं नाव सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि त्या पत्रकारांकडे वळल्या.