धोंड्याचं वाण आणि माझे हात

खरं म्हणजे हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण खालापूर तालुक्यात ते माझ्याआधीच सगळीकडे पोचलंय. तेव्हा आता मीच सांगते, निदान मीठमसाला तरी माझ्या हातचा राहील.

आधी एक समजून घ्या. मी बोलत नाही. म्हणजे येतं, पण बोलत नाही. कर्जतला माहेरी पाहुणे आले की आई त्यांना सांगायची, "ती ऐकतेय हं, झोपलेली नाहीये." लग्न होऊन खालापूरच्या बाजूला सासरी आले, तर या गुणाचं केवढं कौतुक! सासरे, म्हणजे अण्णा, येईल त्याला सांगायचे, "आमची सून म्हणजे सोनं. घरात हाय का नाय, कळत पण नाय."

हे कौतुक की तक्रार, ते मी अजून ठरवतेय.

आणि लग्नानंतर जे काही थोडं बोलले, तेही उखाण्यातच. नव्या सुनेला जो तो म्हणतो, "नाव घे." हळदीकुंकवाला नाव घे, चहा द्यायच्या आधी नाव घे, एकदा तर दळण घ्यायच्या आधी गिरणीत नाव घेतलंय मी! झोपेत कुणी "नाव घे" म्हटलं तरी 'प्रशांतरावांचं' म्हणत उठले असते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर अण्णा. साजगावच्या एका कंपनीतून रिटायर झालेले. त्यांना वेड दोन गोष्टींचं. एक टीव्हीवरची चर्चा आणि दुसरा मानपान. पहिला टिळा कुणाला, पहिलं पान कुणाचं, आहेर आधी मामाला की आत्याला, यावर भांडण झालं की आसपासच्या गावांतून अण्णांना बोलावणं यायचं. अण्णांनी सांगितलं की विषय संपला.

त्या वर्षी दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्न करायची कायद्यानं परवानगी द्यायची का, यावर कोर्टात सुनावणी झाली होती आणि निकाल यायचा होता. झालं! टीव्हीवर रोज संध्याकाळी आरडाओरडा. टीव्ही बंद झाला की तोच कार्यक्रम आमच्या ओट्यावर. शेजारचे बाळूकाका त्या लोकांच्या बाजूनं बोलायचे. मनापासून की अण्णांना चिडवायला, ते त्यांनाच ठाऊक.

"अरं, करू दे की लग्न त्यांना. तुझ्या मांडवात जेवायला येतायत काय?"

"मांडवाचंच तर विचारतोय मी! दोन्हीकडनं नवरीच आली तर वरपक्ष कुठला? पयलं पान कुणाचं? रुसायचं कुणी?"

"कुनीच नाय रुसनार. एक तरी लग्न सुखाचं व्हईल!"

"कुणी रुसणारच नाय, तर ते लग्न हाय का भंडारा?"

मी आत कणीक मळता मळता हसत होते. मग अण्णांचा आवाज बदलला. "तुला सांगतो बाळू, माझ्या घरात असलं कुणी केलं ना, तर त्याला उंबरा चढू देणार नाय मी."

माझा हात कणकेतच थांबला.

कारण मला माहीत होतं. माझी धाकटी नणंद रूपाताई पुण्यात नोकरीला. तिथं ती मधुराबरोबर राहते. घरी सगळे म्हणायचे, "रूपाची मैत्रीण. फार चांगली पोरगी." आमच्या लग्नाच्या धावपळीत रूपाताईनं मोरीत ताटं विसळता विसळता मला सांगून टाकलं होतं, "मैत्रीण नाही गं. माझं माणूस आहे ते."

मी ताट विसळत राहिले. थोड्या वेळानं विचारलं, "मलाच का सांगितलंत?"

"तू बोलत नाहीस म्हणून."

बघा! उभ्या जन्मात कुणी माझ्यावर एवढा विश्वास टाकला नव्हता.

मग आला अधिक महिना. आपल्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेकीला आणि जावयाला जेवायला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे वाढायचे, ताटात अनारसे रचून वर दिवा लावायचा, त्या दिव्यानं जावयाला ओवाळायचं आणि ते वाण त्याच्या हातात द्यायचं. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण.

आमच्या घरचे नारायण म्हणजे विलासराव. थोरल्या नणंदेचे, सुनीताताईंचे यजमान. पनवेलला असतात. रुसण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आमच्या लग्नात सरबत कोमट मिळालं म्हणून ते गाडीत जाऊन बसले होते, काच वर करून. तिन्ही मामांनी विनवण्या केल्या तेव्हा कुठं काच चार बोटं खाली आली.

धोंड्याच्या त्या रविवारी रूपाताई आणि मधुराही येणार होत्या. आदल्या दिवशी रूपाताईचा फोन आला. "उद्या अण्णांना सांगणार आहे. जेवणं झाली की. तू फक्त त्यांना पोटभर वाढ. भरल्या पोटी ते निम्मेच चिडतात."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तर मग या दिवाळीला मी येत नाही. पुढच्याही नाही."

रात्रभर माझ्या डोक्यात एकच. तोंडातून काही निसटता कामा नये. सकाळपासून मी ओठ इतके घट्ट मिटले होते, की आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "दाढ दुखतेय का गं?"

दुपार झाली आणि विलासरावांचा फोन आला, कुंभिवलीला ट्रक आडवा झालाय, गाड्या जागच्या हलत नाहीत. इकडे अण्णांनी शुगरची गोळी घेतलेली, जेवण थांबवता येईना. म्हणून पानं मांडली. अण्णा, प्रशांत, रूपाताई, तिच्या शेजारी मधुरा आणि पुढे विलासरावांचा रिकामा पाट.

स्वयंपाकघरात आई धोंडे तळत होत्या. वाणाचं ताट तयार होतं. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

"आले गं बाई! ऊठ, दिवा लाव," आई कढईवरून म्हणाल्या. "मी हे काढून आलेच. तू जावयाला ओवाळायला घे!"

मी दिवा लावला, ताट उचललं आणि बाहेर आले. हॉर्न दुधाच्या टेंपोचा होता. पण ते मला कुठं माहीत? माझं सगळं लक्ष तोंड बंद ठेवण्यात!

आणि हातांवर कुणाचं लक्ष होतं? कुणाचंच नाही!

'जावयाला' हा शब्द कानात, समोर रूपाताई, तिच्या शेजारी तिचं माणूस. माझे पाय सरळ मधुरासमोर जाऊन थांबले. हळदकुंकू लावलं. अक्षता टाकल्या. ओवाळलं. ताट तिच्या हातात दिलं.

आतून आई, "पाया पड गं!"

पडले.

"नाव घ्यायला सांग!"

आणि दिवसभर मिटलेलं माझं तोंड खणखणीत उघडलं, "नाव घ्या!"

मधुरा बिचारी घाबरली होती. समोर दिवा, हातात अनारसे, पायाशी मी. अशा वेळी मराठी माणूस काय करतो? उखाणा घेतो!

"खंडाळ्याच्या घाटात धुकं पडलं दाट, रूपाचं नाव घेते, वाढा आता ताट."

यमक चांगलं जुळलं, असं माझ्या मनात आलं. खरंच सांगते. आणि मग दिसलं, की प्रशांतचा घास तोंडापाशीच थांबलाय, रूपाताई पांढरी पडलीय आणि अण्णा माझ्याकडे बघतायत. घरात सून आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"अण्णा," रूपाताई म्हणाली, "मी जेवणानंतर सांगणार होते."

"काय सांगणार होतीस?"

"हेच. आत्ता ऐकलंत ते."

"चुकून झालं हो अण्णा. मी घेते परत." असं म्हणत मी ताटाला हात घातला. मधुरानंही ते लगेच पुढं केलं.

"हात लावायचा नाय!" अण्णा असे ओरडले की दिवा विझता विझता राहिला. "अधिकातलं वाण! दिवा फिरला, नाव घेतलं. दिलेलं वाण परत घेतात काय कुठं? एवढं शिकून हेच कळतं का तुला?"

रागावले कुणावर, तेच कुणाला कळेना. माझी समजूत अशी, की त्यांनाही कळत नव्हतं.

तेवढ्यात आई तुपाचं भांडं घेऊन बाहेर आल्या. "आले का विलासराव?" म्हणता म्हणता त्यांनी रिकामा पाट पाहिला. मधुराच्या हातातलं ताट पाहिलं. लेकीचे भरलेले डोळे पाहिले. मग त्या मधुराच्या पानापाशी वाकल्या आणि धोंड्यावर तूप ओतलं. "गरम हाय तोवर खा गं," म्हणाल्या.

अण्णा खाली मान घालून जेवले आणि मागच्या दारानं शेतावर निघून गेले.

विलासराव आले ते दुपार कलल्यावर. वाण नाही म्हटल्यावर, बरोबर ओळखलंत, गाडीत जाऊन बसले.

निघताना रूपाताईनं शेतावरून परतलेल्या अण्णांना विचारलं, "दिवाळीला येऊ का नको?"

"मला हे पटलेलं नाय," अण्णा म्हणाले. येऊ नको असं काही म्हणाले नाहीत. ये असंही नाही.

पुढचे दोन-अडीच महिने ओटा शांत. चर्चा सुरू झाली की अण्णा टीव्ही बंद करायचे. आणि मी? मला वाटायचं, एका पोरीनं एक गुपित विश्वासानं माझ्याकडे ठेवलं, तर मी ते दिवा लावून, ओवाळून जाहीर केलं. तिचं माहेर माझ्या हातानं तुटलं. मी तिला तसं फोनवर म्हटलंही. ती म्हणाली, "अगं, निदान सांगायचं तरी संपलं. मी पुढची दहा वर्षं जेवणं व्हायचीच वाट बघितली असती." पण दिवाळीचं विचारलं की विषय बदलायची.

मग निकाल लागला. अशा लग्नाला कोर्टानं मान्यता दिली नाही. नाक्यावरून दोघंतिघं पेढे घेऊन अण्णांकडे आले, "अण्णा, जिंकलात!"

अण्णांनी पेढ्याकडे पाहिलं. "शुगर हाय मला," म्हणाले आणि आत आले. मी भाजी चिरत होते.

"रूपाचा फोन येतो का तुला?"

"येतो."

"रडत होती का?"

"दोघी रडत होत्या."

अण्णा खिडकीकडे वळले. "कायद्याचं मला नाय कळत. पटत पण नाय. पण पोरगी रडली त्याचे पेढे खायचे व्हय?" मग जाता जाता म्हणाले, "भाऊबीजेला दोघींना यायला सांग."

भाऊबीजेला घर भरलं. दोन्ही नणंदा, विलासराव, मधुरा. बाळूकाका तर उगाचच आले होते, मजा बघायला. आईंनी माझ्या हातात फक्त मिठाची वाटी दिली. "तू एवढंच वाढ गं. ह्यात काय चुकणार?"

मलाही पटलं. यंदा चूक म्हणून करायची नाही. मीठ पानात पहिलं पडतं आणि पहिलं पान जावयाचं. मी मधुराकडे ढुंकूनही न बघता सरळ विलासरावांसमोर गेले. ते खूश होऊन सरसावून बसले.

"अगं ए!" अण्णा कडाडले. "कुठनं सुरुवात करतेस?"

"विलासरावांपासून. जावई ना ते..."

"ते जुने झाले! पयली दिवाळी कुणाची हाय? नवं माणूस पंगतीत बसलेलं असताना पयला मान जुन्याला? कर्जतला हेच शिकवलं का तुला?" आणि कुणाकडेही न बघता त्यांनी हनुवटीनं मधुराचं पान दाखवलं. रूपाताई हसायला लागली आणि हसता हसताच डोळे पुसायला लागली.

"घ्या!" बाळूकाकांनी मांडीवर थाप मारली. "अण्णा, वरपक्ष सापडला म्हन तुला!"

मी मीठ मधुराच्या पानात वाढलं. विलासराव उठले आणि गाडीत जाऊन बसले. काच वर.

"जा आता," अण्णा मला म्हणाले. "तुझ्यामुळं रुसलेत, तूच समजूत काढ."

समजूत काढायची! बोलून! मी!

गेले. काचेवर टकटक केलं. काच चार बोटं खाली आली. विलासराव वाट बघत होते. अख्खी पंगत ओट्यावर येऊन उभी होती. डोकं पार रिकामं झालं, आणि तोंड उघडलं तर त्यातून तेवढंच निघालं, जे त्याला निघायची सवय होती.

"नाव घ्या."