पाण्याचं वजन

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून वरच्या शोभाताईंनी गॅलरीत तीन पिंपं भरून ठेवली आहेत. त्या गॅलरीच्या तळाला, माझ्या चहाच्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावर, केसाएवढी भेग आहे. तिच्या टोकाशी मी पेन्सिलीने खूण केली होती. शोभाताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "अहो, पाणीच तर आहे. दगड थोडेच भरलेत?"

दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. गुरुत्वाकर्षण विसरत नाही. ते शेजारधर्मही पाळत नाही.

आज सकाळी भेग खुणेच्या बोटभर पुढे गेलेली दिसली. मी खुर्ची आत ओढली. तेवढ्यात वर फरशीवरून पिंप ओढत आणल्याचा आवाज आला. भरलेलं पिंप कुणाच्याने हलत नाही. हे चौथं होतं.