लेबलाखालची ओळ

गावी, समुद्रकाठच्या थळला, बाबांचा सुक्या मासळीचा धंदा. पाकिटांवर चिकटवायचं लेबल मी पुण्यात बसून, नेटवरून त्यांच्याच कम्प्युटरमध्ये शिरून करत होतो. घरच्या पडद्यावर बाण आपोआप फिरतो याची त्यांना भारी मजा वाटायची. फोन स्पीकरवर टाकून समोर बसायचे. "बोंबील मोठा काढ रं, दिसला पायजे!"

रविवारी माझ्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. बाबा म्हणाले, "येताना सुकट नि बोंबील आणतो. तुझ्या साहेबांनापण देऊ." मी "नको, राहू द्या" म्हटलं, तर म्हणाले, "आणणारच!"

तेवढ्यात त्यांच्याकडचं नेट गेलं. फोनही नेटवरूनच चालू होता, तोही तुटला. पडद्यावर लेबल तसंच, पण ठार निर्जीव. माझं डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, बायकोला कळवून टाकू. कीबोर्डकडे बघून टाइप करायची माझी खोड अजून गेलेली नाही. मान खाली घालून धडाधड बडवलं: 'बाबा ऐकत नाहीत. साहेबांसमोर सुकटीचं गाठोडं सोडतील, घरभर वास सुटेल. त्यांना पूजा सोमवारवर गेली म्हणून सांगू. रविवारी आपलं आपण उरकून घेऊ.'

वर बघतो तर बायकोच्या चॅटची खिडकी कोरी. अरे देवा! चॅटवर केलेलं क्लिक लागलंच नव्हतं. मी सगळं बाबांच्या कम्प्युटरवर लिहिलं होतं. नेट तुटलं तरी तिकडचं काम उघडंच राहतं, आणि इकडून दाबलेली अक्षरं कधीकधी वाटेत अडकून बसतात, लाइन जोडली की एकदम पोचतात. कंपनीत नव्या लोकांना हे मीच शिकवतो, कर्म माझं! घाईघाईने त्यांच्या कम्प्युटरची खिडकी बंद करायला गेलो आणि लाइन जोडली. बोंबलाच्या चित्राखाली माझी अक्षरं भराभर उमटत गेली.

आता पुसून उपयोग नव्हता, बाबा पडद्यासमोरच बसलेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच वासाच्या घरात वाढलो, आणि आता साहेबापुढे त्याच वासाची लाज वाटत होती मला. थू माझ्यावर.

 मग बाण हलला. मी हलवला नव्हता. बाबा एका बोटाने टाइप करतात. माझ्या ओळीखाली एकेक अक्षर येऊ लागलं.

'सुकट नाही आणत. तुझी आई रविवारची साडी काढून बसली आहे. तिला काय सांगू?'