दार उघडंच होतं

दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी ताईच्या केसची तारीख होती. कोर्ट कुठलं ते लिहीत नाही. केस चालू आहे, आणि मला अशा गोष्टींची भीती वाटते...

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. नवऱ्याने घराबाहेर काढल्यापासून मानपाड्याला आमच्याकडे असते, चार घरची धुणीभांडी करते. तिची पाच वर्षांची तन्वी मात्र दाजींनी वर्तकनगरला ठेवून घेतलीय. भेटूही देत नाहीत.

त्या दिवशी काही मोठा निकाल नव्हता. दसऱ्याचे दोन दिवस मुलीला आईकडे पाठवा, एवढाच अर्ज होता. ताईने पांढरा फ्रॉक आणून ठेवलेला... दसऱ्याला विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात, त्यात तन्वीही असावी म्हणून.

वकील मॅडम मोफत योजनेतून मिळालेल्या. मी फ्लेक्सच्या दुकानात मराठी टायपिंग करतो. बारावी अर्धवट राहिली, पण शुद्धलेखन पक्कं आहे. 'मोफत वकील हा तुमचा हक्क आहे' हा एका शिबिराचा फ्लेक्स मीच टाइप केलेला. असं काही असतं, हे आम्हाला त्यावरूनच कळलं.

तयारीत मी काही कमी ठेवलं नव्हतं. कागद क्रमाने लावले, सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येक नाव आधार कार्डाशी जुळवून पाहिलं. ताईने सुट्टी मागितली तेव्हा एका घरच्या बाई म्हणालेल्या, "तू कशाला जातेस? वकील आहे ना? की तूच लढणार आहेस?" तरी ती आली.

कोर्ट उघडायच्या आधीच आम्ही पोचलो. थोड्या वेळाने मॅडमचा फोन आला, की मी दुसऱ्या कोर्टात अडकलेय, येतेच, तुम्ही तिथेच असा. आम्ही दाराबाहेर भिंतीला लागून उभे राहिलो. ताईने चपला काढून बाजूला नीट ठेवल्या.

दार उघडं होतं. आतले बाक दिसत होते, काळे कोट दिसत होते. माणसं ये-जा करत होती, पण ती सगळी कोणीतरी मोठी वाटत होती. मी हळूच म्हटलं, "ताई, आत जायचं का?"

"गप रे. बोलावतील ना. उगाच घुसलो आणि साहेब चिडले म्हणजे?"

मला पटलं. मीसुद्धा शेठच्या केबिनबाहेर असाच उभा राहतो...

मग दाजी आले. त्यांच्या वकिलाने खांद्यावर हात ठेवून त्यांना आत नेलं. मला वाटलं, त्यांना आधी बोलावलंय, मग आपल्याला बोलावतील. मी कागद पुन्हा एकदा तपासून घेतले.

दाजी बाहेर आले ते हसतच. "काय मेव्हणे, झेरॉक्स मोजून झाल्या का? जा आता घरी."

मी धावत शिपायाला गाठलं. विचारलं, आमचं नाव कधी घेणार? तो म्हणाला, "घेतलं की. दोनदा घेतलं. अर्जदार हजर नाही म्हणून अर्ज निकाली निघाला."

"अहो, आम्ही सकाळपासून इथेच आहोत!"

"इथे असून काय उपयोग? साहेबांना दिसायला नको? आत बाकावर बसायचं. कोणी अडवलं होतं का तुम्हाला?"

नव्हतं अडवलं. कोणीच नव्हतं अडवलं... सिनेमात दाराशी येऊन ओरडतात, तसं असेल असं मी धरून चाललेलो. तिथे नाव आतल्या आत टेबलापाशी घेतात. पंख्यांच्या आवाजात ते दारापर्यंत आलंच नाही.

ताई ज्या बिल्डिंगमध्ये कामाला जाते, तिथे कामवाल्यांची लिफ्ट वेगळी आहे. बेल वाजवायची आणि बाहेर उभं राहायचं. 'ये' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. इतकी वर्षं तिला चांगली बाई, शिस्तीची बाई म्हणतात ते यासाठीच. त्याच शिस्तीने ती कोर्टातही उभी राहिली आणि कागदावर गैरहजर ठरली.

मॅडम घामाघूम होऊन आल्या. हातात आमच्यासारख्यांच्याच फायलींचा गठ्ठा. "अगं, नुसतं उठून सांगायचं, माझ्या वकील येतायत म्हणून. थांबले असते साहेब!" त्यांचा राग आला नाही असं म्हणणार नाही, आला. पण त्यांनी तिथेच उभ्या उभ्या नवा अर्ज लिहिला. तारीख मिळाली दिवाळीनंतरची.

दसरा गेला. विहारात ताई मागे बसलेली, दुसऱ्यांच्या मुली बघत...

मी टाइप केलेला तो फ्लेक्स सारखा आठवतो. हक्क आहे, हे केवढ्या मोठ्या अक्षरांत होतं. आत जाऊन बसायचं असतं, हे कुठेच नव्हतं. ज्यांनी लिहून दिलं त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. त्यांना कधी कुठल्या दाराबाहेर थांबावं लागलंय?

म्हणून इथे लिहितोय. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या कोणाची तारीख असेल तर एवढं सांगा, की सरळ आत जा, मागच्या बाकावर बसा, नाव घेतलं की उभे राहा. जमलं तर सोबत जा. कोणीतरी खांद्यावर हात ठेवून आत नेलं की पुरतं.

परवा ताईने फ्रॉकची पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाली, "विचार ना रे, एक माप मोठा देतील का. तोवर वाढेल ती."

दुकानदाराने काही न विचारता बदलून दिला. त्यांचे खरंच आभार. या सगळ्यात आमचं तेवढं एकच काम झालं.