बांधावरची चार नाणी

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शेतात ठिबकच्या पाइपसाठी चर खणताना चांदीचा एक जुना रुपया निघाला. नवऱ्याने तो धुऊन देवघरात ठेवला आणि विषय संपवला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. शेत तापीच्या काठाला, घोड्यांच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या सारंगखेड्यापासून फार लांब नाही. या वाटेने किती घोडेवाले, किती व्यापारी गेले असतील, त्यांच्या कनवटीतून काय काय पडलं असेल, असं मी स्वतःलाच सांगू लागले. अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. मुलीला पुण्याला फोन केला आणि मेटल डिटेक्टर मागवायला सांगितला.

"आई, तू गुप्तधन शोधणार?" ती हसली.

"गुप्तधन नाही गं. नाणी. अभ्यास म्हणून."

अभ्यास हा शब्द मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवला.

मशीन आलं. लांब दांडा, खाली गोल थाळी, वर छोटा पडदा आणि चार-पाच बटणं. पहिल्याच दिवशी मी सगळी बटणं पूर्ण वर चढवली आणि शेतात गेले. मशीन ओरडायचं थांबेना. मोटारीच्या खोलीजवळ ओरडलं, विजेच्या तारेखाली ओरडलं, नुसत्या मोकळ्या मातीवरही ओरडलं. अर्ध्या तासात मी तीन खिळे, बैलाच्या खुराची एक पत्री आणि औषधाच्या बाटलीचं चंदेरी सील एवढं काढलं आणि कंबर धरून घरी आले.

मग मात्र मी शिक्षिकेसारखी बसले. मशीनबरोबर आलेलं पुस्तक दोनदा वाचलं. अंगणात एका रेषेत सहा खड्डे केले आणि त्यात वेगवेगळी नाणी पुरली. काही चार बोटं खोल, काही वीतभर. प्रत्येक जागेवर खुणेची काडी रोवली.

आमच्या सालदाराची बायको तेव्हा ओटा झाडत होती. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी. हे दोघं नवरा-बायको तोरणमाळच्या खालच्या एका गावातून आमच्याकडे आले, ते माझं लग्न व्हायच्याही आधी. घरात त्यांची आदिवासी बोली, पावरी, बोलायची, आमच्याशी अहिराणी. माझी दोन्ही मुलं तिने पायांवर घेऊन तेल लावून न्हाऊ घातलेली. ती झाडू टेकवून उभी राहिली.

"पैसा पेरी ऱ्हायनात का, बाई?"

"हा. दखूत कितला उगतस ते!"

ती तोंडाला पदर लावून हसली.

त्या सहा नाण्यांनी मला पुष्कळ शिकवलं. आपली काळी माती स्वतःच मशीनला धातूसारखी भासते. म्हणून आधी रिकाम्या जागेवर थाळी वर-खाली, वर-खाली करायची आणि मातीचा आवाज विझेपर्यंत बटण फिरवायचं. मग संवेदनशीलता थोडी उतरवायची. लोभाने ती पूर्ण चढवली की मशीन बडबड करतं आणि खरा आवाज त्यात हरवतो. थाळी झाडूसारखी उचलायची नाही, जमिनीला धरून सपाट फिरवायची. आणि सर्वांत कामाचं बटण म्हणजे नको तो धातू गाळायचं. लोखंड गाळायला सांगितलं की खिळे, बोल्ट, फाळाचे तुकडे सगळे गप्प होतात आणि तांबं-चांदी तेवढी बोलते.

लोखंड गाळल्यावर मात्र माझ्या सहांपैकी एक नाणं मुकं झालं. ते आजचं रुपयाचं नाणं होतं. कपाटातलं शाळेचं जुनं चुंबक आणून लावलं, तर नाणं टपकन चिकटलं. हल्लीची नाणी पोलादाची, मशीनच्या लेखी ती लोखंडच. मला काही वाटलं नाही. आजची नाणी मला कुठे हवी होती? मी ते बटण तसंच ठेवलं.

पंधरा दिवसांत माझा कान तयार झाला. भोकाचा एक तांब्याचा पैसा मिळाला, झिजून गुळगुळीत झालेलं एक नाणं मिळालं. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. लोक वाहवा करू लागले. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मुलांचं कौतुक केलं होतं. साठीत कोणी माझं करत होतं. ते मला आवडायला लागलं होतं, हे मी इथे कबूल करते.

पपई काढून शेत मोकळं झालं, त्या आठवड्यात सकाळी मी खालच्या कोपऱ्यात गेले. तिथे बांधावर एक बाभूळ आहे. बाभळीच्या बुडाशी आवाज आला. स्वच्छ, उंच, दोन्ही बाजूंनी थाळी फिरवली तरी तसाच. आणि एक नाही, जवळजवळ दोन-तीन. मी पिशवीतून खुरपं काढलं.

त्या जागेवर एक चपटा दगड होता, अर्धा मातीत गेलेला. मातीवरचा त्याचा भाग झटकला तर त्यावर लालसर डाग दिसला. शेंदराचा असावा, इतका फिका की नसेलही. मी तो पाहिला. आज मला म्हणता आलं असतं की पाहिला नाही, पण मी पाहिला. क्षणभर हात थांबलासुद्धा. मग मनात म्हटलं, बांधावर असले दगड गावोगाव असतात, आणि मी खुरप्याने दगड उलथवला.

खाली वीतभर मातीत एक रुपयाची दोन नाणी, पन्नास पैशांचं एक, आणि चांदीचे दोन छोटे वाळे होते. नाणी माझ्या तरुणपणीचीच निघाली, म्हणून जरा हिरमोड झाला. पण वाळे काळे पडले होते आणि मला ते फार जुने वाटले. मी माती लोटली, दगड तसाच बाजूला टाकला आणि घरी आले. चिंचेच्या कोळाने सगळं घासलं, स्टीलच्या ताटलीत मांडलं, फोटो काढला. खाली लिहिलं, "आमच्या शेतात सापडलेले प्राचीन वाळे." दुपारपर्यंत तीसेक अंगठे आले.

संध्याकाळी शहाद्याला काम होतं, तेव्हा ओळखीच्या मारवाडी सराफाला वाळे दाखवले. त्याने भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"बाई, जुनं नाही हे. तीस-पस्तीस वर्षांचं असेल. आपल्या यात्रेत विकायचे असे." त्याने वाळा बोटांत फिरवला. "पण कोणाच्या पायात गेलेलं नाही. आतून घासच नाही. हे कोणी हरवलेलं नाही, बाई. ठेवलेलं आहे."

मी ऐकलं, वाळे पर्समध्ये टाकले आणि वाटेत भाजी घेतली. "प्राचीन" हा शब्द चुकला, एवढंसुद्धा मी ग्रुपवर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाळे परत ठेवलेली ताटली ओट्यावरच होती. सालदाराची बायको झाडायला आली. झाडता झाडता ताटलीपाशी थांबली. मग खाली बसली, एक वाळा उचलला आणि त्यात आपला अंगठा घालून पाहिला.

"हाई कोठे सापडनं, बाई?"

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाभूळ, दगड, मशीनचा आवाज, सगळं. तिने वाळा हळूच परत ठेवला. उरलेला ओटा झाडला, केर भरला, आणि चहा न घेता गेली. चहा न घेता ती कधी जात नसे. मला वाटलं, घाईत असेल.

त्यानंतरच्या दिवशी ती आली नाही. दुपारी जेवताना मी नवऱ्याला सहज म्हटलं, खालच्या बाभळीखाली असं असं सापडलं. त्याचा घास हातातच राहिला.

"बाभूयखाल? दगडखाल?"

"हो."

"अरे देवा," तो म्हणाला. "तठे तिनी पोर शे ना. आण्णासनी जागा देल व्हती. मी इसरीच गऊ व्हतू."

आण्णा म्हणजे माझे सासरे. सालदाराच्या तान्ह्या मुलीला पुरायला ती जागा त्यांनी दिली होती. आणि मग मलाही आठवलं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी धुळ्याला गेले, तेव्हा सालदाराची बायकोही पोटुशी होती. चार महिन्यांनी मुलीला घेऊन परत आले, तेव्हा तिच्या कडेवर कोणी नव्हतं. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "तिचं गेलं बरं का, बारा दिवसांचं." मी "अरेरे" म्हटलं होतं. त्याच आठवड्यात तिने माझ्या मुलीला पायांवर घेतलं आणि तेल लावायला सुरुवात केली. माझी मुलगी आता तेहतीस वर्षांची आहे. या सगळ्या काळात मी त्या बाईला तिच्या बाळाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मुलगा होता की मुलगी, हेसुद्धा मला नवऱ्याच्या तोंडून कळलं.

मी ताटली पदराखाली घेऊन त्यांच्या झोपडीकडे गेले. ती दाराशी मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. तिने मान वर केली नाही. मी समोर जमिनीवर बसले. पहिलं जे सुचलं ते वाईट होतं.

"माले मालूम नव्हतं वं."

"दगड दिसना नही तुमले?"

मी खोटं बोलू शकले असते.

"दिसना व्हता," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू एवढंच तिला पक्कं करायचं होतं. मग ती हळूहळू बोलली. बारशाच्या आधीच ताप आला. नवरा यात्रेला गेला होता, येताना वाळे घेऊन आला, तर पोर गेलेली. पोर खाली खोल ठेवली. वाळे आणि पैसे वर, दगडाखाली.

"पैसा काबर?" मी विचारलं.

"वाट चालाले पैसा लागतस ना," ती म्हणाली. "धाकली व्हती. कोन देई तिले?"

आणि मग तेच, ज्याची मला भीती वाटत होती. "तुम्ही कधी इचारंच नही, बाई." रागाने नाही बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी ताटली पुढे केली. तिने नाणी बोटाने सारली.

"चार व्हतात. तीनच शेतस."

"एवढंच मिळालं मला."

"चार व्हतात," ती पुन्हा म्हणाली. "तुमनं मशीन लई या."

त्या मशीनला हात लावायची माझी इच्छा नव्हती. पण गेले आणि घेऊन आले. बाभळीखाली तिचा नवरा फावडं घेऊन उभा होता. मी उपसलेली माती पसरून तिच्यावर थाळी फिरवू लागले. एकदा, दोनदा, दहादा. मशीन गप्प. ती बांधावर उकिडवी बसून माझ्या हाताकडे बघत होती. आयुष्यात इतक्या इन्स्पेक्टरांसमोर पाठ घेतले, पण असं कोणी बघितलं नव्हतं.

मग ध्यानात आलं. मी लोखंड गाळत होते. पोलादाची नाणी फक्त आजचीच असतात असं नाही. चाराण्याचं नाणं तर तेव्हाच पोलादाचं झालं होतं. मी ते बटण पूर्ण उतरवलं. आता मशीन सगळ्यालाच ओरडू लागलं. गंजका खिळा, तारेचा तुकडा, बैलाच्या पत्रीचा अर्धा भाग. मी गुडघ्यांवर बसले आणि एक एक आवाज हाताने माती चाळून पाहू लागले. एकही सोडला नाही. तासाभराने, मी स्वतःच दूर भिरकावलेल्या ढेकळात ते सापडलं. चार आणे, वर गेंड्याचं चित्र.

मी पदराने पुसायला गेले.

"पुसू नका," ती म्हणाली. "बाकीनं बी धुवाले नको व्हतं."

मी ते तसंच मातीसकट तिच्या तळहातावर ठेवलं. तिने मला बांधापलीकडे उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. दोघांनी पाठ माझ्याकडे करून सगळं परत ठेवलं, दगड बसवला. ती पावरीत काहीतरी बोलत होती, दगडाशी बोलावं तसं नाही, मांडीवरच्या लेकराशी बोलावं तसं. त्यातलं मला काही कळलं नाही, आणि कळायला नको होतं हेही बरोबरच होतं.

चार दिवसांनी ती कामावर आली. चहा घेतला. मी मशीन खोक्यात घालून माळ्यावर टाकलं होतं. तिने विचारलं नाही. नवऱ्याने तो कोपरा नांगरातून कायमचा सोडायला सांगितला आहे. आठवडाभराने, भांडी घासता घासता, तिने मला मुलीचं नाव सांगितलं. बारसं झालं नव्हतं, पण नाव तिने मनात ठरवलेलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही.

माझ्या मुलीला पुण्याला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तिने मला न्हाऊ घातलं?"

ग्रुपवरचा फोटो मी काढायला गेले, तर तोवर सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत संपली होती. तो तिथेच राहिला. एका जुन्या सहकाऱ्याने दोनदा विचारलं, "बाई, अजून काही सापडलं का?" पहिल्यांदा मी "नाही" एवढंच लिहिलं आणि रात्रभर स्वतःवर चिडले. दुसऱ्यांदा लिहिलं, "ते वाळे प्राचीन नव्हते. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईच्या लेकराची ती जागा होती. खुणेचा दगड दिसत असूनही मी उकरली. सगळं परत ठेवलं आहे."

एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. थोड्या वेळाने दुसऱ्या कोणीतरी फुलांचा फोटो आणि शुभ सकाळ टाकली, आणि माझा मजकूर वर सरकत दिसेनासा झाला.