पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं

घरात ज्या खुर्चीवर कुणी बसत नाही, तिच्यावर आपोआप कपडे साठत जातात. आमच्या गावातली ती खुर्ची म्हणजे मी. येणारा-जाणारा आपला एखादा किस्सा माझ्यावर टाकून जातो. घड्या घालायला वेळ नाही आणि टाकून द्यायला जीव होत नाही! त्यातून माझी सई अडीच वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलत नव्हती. मग मी दुसऱ्यांचं बोलणं गोळा करत बसायचे. निदान कुणीतरी बोलतंय!

गाव म्हणजे सासरचं, कवठापूर. सुखना नदीच्या काठावर. कागदोपत्री आता ते गाव नाहीच, शहराचा वॉर्ड आहे. शेतांचे प्लॉट झाले, रस्त्याला मोबाइलची दुकानं लागली. पण नदीकडची जुनी घरं तशीच आहेत. या काठाला आम्ही, त्या काठाला करीमचाचांची पिठाची गिरणी आणि त्यांच्या भाऊबंदांची घरं. पूल आत्ता आत्ता झाला. त्याआधी सगळा कारभार काठावर उभं राहून, हाळी देऊन. दळण झालं, हाळी. म्हैस व्याली, हाळी. पोरगी पसंत आहे, हाळी!

पुढं नदी आटली. आता मधून एवढीशी धार वाहते. आवाज मात्र आटले नाहीत. कवठापूरचा माणूस जेवताना मीठ मागतो, तेही पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं.

*

मी पुंडलिकनगरच्या फ्लॅटमधली. आमच्याकडं भांडायचं असलं तर आधी खिडक्या लावायच्या, मग भांडायचं.

लग्नाआधी आम्ही घर बघायला आलो. गाडीतून उतरतो तोच आतून, "आले का रेऽऽ?" "आलेऽऽ!" "मंग पोहे टाकू काऽऽ?" "अजून चपला काढायलेत, थांबऽऽ!"

माझ्या आईनं माझा हात घट्ट धरला. "चल परत. आत मारामारी चाललीय."

कसंबसं आत गेलो. मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. होणाऱ्या सासूबाई काळजीनं पुढं सरकल्या आणि आईला म्हणाल्या, "पोरगी चांगलीय. पण अशीच बोलती का आजारी हाय?"

नवऱ्याचं नाव प्रशांत आहे, हे मी इथं फक्त नोंदवते.

*

आमच्या शेजारच्या कौसल्याकाकू आणि पलीकडच्या जुबेदाखाला यांचं एका शेळीवरून जुनं वैर आहे. शेळी खालांची, मेथी काकूंची. शेळी कधीच गेली, मेथीच्या जागी बाथरूम आलं, भांडण चालू आहे.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. दोघी आपापल्या काठावर उभ्या. पदर खोचलेले. काकू म्हणतायत, "तुझ्या शेळीला शिस्त नव्हती!" खाला म्हणतायत, "तुम्हारे मेथी कूच कुंपण नै था!" मी भीतीनं दाराआड. आता दगड येणार, असं वाटलं.

तेवढ्यात घरात कुकरची शिट्टी झाली. काकू ओरडल्या, "थांब गंऽऽ! कुकर बंद करून येतेऽऽ!"

आणि खाला थांबल्या! काठावरच बसून राहिल्या. काकूंना यायला उशीर झाला, तर हाळी आली, "आरी क्याऽऽ? मेरेकू भी खाना पकाना हैऽऽ!"

*

आमचे आबा, म्हणजे सासरे, फोन हातभर लांब धरून बोलतात. एकदा बँकेतून म्हणून कुणाचा तरी फोन आला. कार्ड बंद होणार, मोबाइलवर आलेला नंबर सांगा. आबांनी चष्मा लावला, ओट्यावर येऊन उभे राहिले आणि सुरू केलं, "सांगतो, लिहून घ्या! पहिला हाय चाऽऽर!"

नदीपलीकडून करीमचाचांचा आवाज आला, "आबाऽऽ! मत बताओऽऽ! चोर है वोऽऽ!"

त्यांच्या मागून गिरणीवरचे सगळे, "चोर हैऽऽ!" आमच्या आळीतूनही, "आबा, ठिवा फोन!"

आबांनी फोन कानाला लावला आणि शांतपणे विचारलं, "काय हो, लोक म्हणत्यात तुम्ही चोर हाय. व्हय का?"

तिकडून फोन कट!

*

एकच किस्सा आबा बसून, खालच्या आवाजात सांगतात. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळचा. त्यांनी तो त्यांच्या आईकडून ऐकलेला.

आधी रझाकारांच्या भीतीनं आमचा काठ गप्प झाला होता. मग भारताची फौज आली आणि पलीकडचा काठ गप्प झाला. गिरणी बंद. चुलींचा धूर नाही. माणसं घरात आहेत की निघून गेली, तेही कळेना. जाऊन बघायचं धाडस कुणाला नाही, आणि हाळी द्यावी तर तिचा काय अर्थ निघंल, याची धास्ती.

शेवटी आबांची आई नदीवर गेली. लोक नको म्हणत होते. कमरेवर हात ठेवून तिनं आवाज दिला, "ए गिरणीवाल्याऽऽ! माझी ज्वारी तुझ्याकडं पडलीऽऽ! पोरांनी काय माती खायची व्हयऽऽ?"

ती उभीच.

मग बंद दाराआडून करीमचाचांच्या वडिलांचा आवाज आला, "चिल्लाती कायकू अम्माऽऽ? इंजन कू तेल तो देने देऽऽ!"

आणि गिरणी सुरू झाली. पुक् पुक् पुक्. आबा सांगतात, ती पुकपुक ऐकून आई तिथंच वाळूत बसली आणि रडली. घरी आल्यावर म्हणाली, "मेल्यानं पीठ जाडं दळलं!"

*

आता सईचं. इतर पोरं "मम्मी, मोबाइल दे" म्हणायच्या वयाची झाली, माझी सई नुसतं बोट दाखवायची. मी रात्रंदिवस मनात हिशेब मांडायचे. गरोदरपणी मी कमी बोलले का? जास्त वाचलं का? माझा फ्लॅटमधला स्वभाव उतरला का पोरीत? पिशोरची मावससासू म्हणाली, "बोलंल गं, तिचा बाप बी उशिरा बोलला." मग प्रशांतकडं बघून, "आता गप करून दाखव त्याला!"

तरी शहरात नेऊन कान तपासले. कान उत्तम. मग वाचा शिकवणाऱ्या मॅडमकडं गेलो. तरुण, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "घरात आवाज फार असतो का?"

प्रशांत म्हणाला, "नाही!"

बाहेर बसलेले दोन पेशंट आत डोकावून गेले.

मॅडमनी वहीवर काही लिहिलं आणि मला म्हणाल्या, "तिच्याजवळ बसून हळू बोला. आणि मधे थोडं थांबा. तिला बोलायला जागा मिळू द्या."

मी घरी येऊन हे सांगितलं. आबा उठले. नदीवर गेले. दोन्ही हात तोंडाशी धरून सगळ्या गावाला हाळी दिली, "आजपासनं कुणी वरडायचं नाय होऽऽ! डॉक्टरीणबाईनं सांगितलंयऽऽ! आमची सई बोलेपर्यंत सगळ्यांनी गपऽऽ!"

*

आणि कवठापूर गप्प झालं हो! मला वाटलं होतं, दुपारपर्यंत टिकेल. पण भाजीवाला दारात येऊन नुसती गवार दाखवायचा. काकू आणि खाला पुलावर समोरासमोर उभ्या राहून हातवारे करून भांडायच्या. त्यात शेळीची शिंगं ओळखू यायची. सासूबाई मीठ मागायला उठून माझ्या कानाशी यायच्या.

मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. माझ्या एका पोरीसाठी सगळं गाव तोंड मिटून बसलंय, आणि तीही बोलत नाही! नसतीच बोलली तर? किती दिवस गप्प बसायला लावायचं लोकांना? आबांना तर ते सोसतच नव्हतं. ते सारखे ओट्यावर यायचे, पलीकडं बघायचे, आत जायचे.

मी पुस्तकातल्यासारखी सईजवळ बसायचे. "हे काय? चेंडू." थांबायचे. सई माझ्याकडं बघायची. मी सईकडं. आत कुकर शिट्टी द्यायचा आणि सासूबाई त्याला "शूऽऽ" करायच्या.

*

करीमचाचा या सगळ्यात गावात नव्हते. बिडकीनला लेकीकडं गेले होते. एका सकाळी परत आले, गिरणी उघडली आणि त्यांना काहीच माहीत नसल्यामुळं नेहमीसारखे काठावर आले.

"आबा ओऽऽ! घर में है क्याऽऽ?"

आबा ओट्यावर चहा पीत होते. सवयीनं उठले, छाती फुगवली, तेवढ्यात सई दिसली. खाली बसले. हातानं स्वतःचं तोंड धरलं.

"आबा ओऽऽ! मैं आगयाऽऽ!"

आबांचे डोळे लाल झाले. सासूबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि मानेनं नको नको म्हणाल्या. मी चाचांना खूण करायला पुढं झाले, पण इतक्या लांबून त्यांना काय दिसणार!

पलीकडचा आवाज जरा बदलला. "आबाऽऽ! बोलते कायकू नैऽऽ? सब खैरियत है नाऽऽ?"

सईनं हातातली वाटी खाली ठेवली. ओट्याच्या टोकाला गेली. कठड्याचा गज धरला, पोट आत ओढलं आणि आख्ख्या नदीवरून,

"हायऽऽ! च्या पितोयऽऽ!"

आबांच्या हातातला कप कलंडला. सासूबाई जिथं होत्या तिथंच. मी सईकडं धावले.

मग करीमचाचा ओरडले,

"आबाऽऽ! सर्दी हुई क्याऽऽ? आवाज बारीक आरीऽऽ!"