लवंगीबाईंच्या मापाची खोली

बालवर्गाच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे लवंगीबाई म्हणायची आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. अंगानं एवढ्याशा, पण तडतडायला लागल्या की मैदानापलीकडची माणसं वळून बघायची. फळ्यावर लिहायला स्टूल, कपाटातलं काढायला खुर्ची आणि घरी साखरेचा डबा काढायला नवरा, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. नवरा उंच होता आणि डबा मुद्दाम वरच्या फळीवर ठेवायचा. त्या निमित्तानं तरी बायको गोड बोलते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

नव्या शाळेचा नकाशा शिक्षकांसमोर पसरला, तेव्हा बाकीचे वाचनालय कुठे आणि स्टेज केवढं यावर हमरीतुमरीवर आले. बाईंनी इंजिनिअरला एवढंच विचारलं, की बालवर्गातले नळ किती उंचीवर येणार. इंजिनिअर भला माणूस होता. नेहमीचीच उंची, सगळीकडे तीच असते, असं त्यानं सांगितलं आणि बाईंचं डोकं फिरलं. जुन्या शाळेत सगळं मोठ्यांच्या मापाचं होतं. बाई, नळ सोडा. बाई, दप्तर काढून द्या. बाई, खिडकीतून दाखवा ना. हे ऐकून त्यांचे कान किटले होते. येत्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी एक तरी खोली अशी बघायची होती, जिथे मुलांना कुणाच्या पाया पडावं लागणार नाही. हे त्यांनी सगळ्यांदेखत बोलून दाखवलं.

इंजिनिअर हसून म्हणाला, "मापं तुम्ही द्या बाई. तसंच बांधू."

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. भिंती उभ्या राहून नळ बसवायची वेळ आली, तशी त्यांनी सगळा वर्ग जुन्या शाळेच्या भिंतीशी उभा केला. नव्या शाळेसाठी कोण किती उंच आहे ते बघायचंय, असं मुलांना सांगितलं. हात सरळ पुढे करायचे, बोटं भिंतीला लागतील तिथे बाई खडूनं रेघ मारणार. खुंट्यांचं आणि खिडक्यांचंही असंच. मुलं अगदी शहाण्यासारखी, छाती काढून, श्वास रोखून उभी राहिली. आपला वर्ग एवढा उंच असेल असं बाईंना वाटलं नव्हतं. त्या रात्रभर नवऱ्याला मुलांचं कौतुक सांगत होत्या आणि नवरा झोपेतच हुं हुं करत होता.

गवंड्याच्या हातात त्यांनी मापं दिली आणि मग त्याचं जगणं मुश्किल केलं. रोज मधल्या सुट्टीत बाई बांधकामावर हजर. नळांखालचा ओटा गुळगुळीत झाला का, खुंट्यांची टोकं बोथट आहेत का, सगळ्यात नाक खुपसायच्या. बाई दिसल्या की मी विटांमागे दडतो, असं गवंडी इंजिनिअरला सांगायचा. खरं तर तो त्यांच्यासाठी चहा राखून ठेवायचा.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात बाई मुलांना खोली दाखवायला घेऊन आल्या. पिवळ्या टाइल्स, चकचकीत नळ. हेडसर, इंजिनिअर, गवंडी, सगळे दाराशी कौतुकानं उभे. वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, जिला सगळे टिकली म्हणत, पहिली धावली. तिनं हात वर ताणले, कसाबसा नळ सोडला आणि पाणी बाहीतून थेट काखेत गेलं. मागून बाकीच्यांची तीच गत. खुंटीवर दप्तर अडकेना. खिडकीतून फक्त आभाळ दिसत होतं. मुलं सवयीनं वळली आणि एका सुरात म्हणाली, "बाई, नळ."

बाईंचा चेहरा पार उतरला. त्या खाली बसून जमिनीवर सांडलेलं पाणी पुसायला लागल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मुलांना म्हणाल्या, भिंतीशी उभे राहा बरं, पुन्हा उंची बघू. मुलं उभी राहिली. या वेळी बाईंची नजर खाली, फरशीवर होती. त्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्या रांगेच्या टाचा अलगद वर उचलल्या गेल्या.

बाई तिथेच, ओल्या फरशीवर, पोट धरून हसायला लागल्या. हसू ओसरल्यावर मात्र त्यांना घाम फुटला. चूक सगळीच्या सगळी त्यांची होती. हेडसर समजुतीनं म्हणाले, हरकत नाही, नळांपुढे लांबलचक पाट ठेवू, तुम्हालाही फळ्यासाठी स्टूल लागतंच की. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बाईंच्या ते वर्मी लागलं.

"साहेब, माप मी चुकले," त्या इंजिनिअरला म्हणाल्या. "फोडावं लागेल. पण स्टुलावर चढवू नका हो त्यांना. मी चढलेय जन्मभर."

इंजिनिअरनं गवंड्याकडे पाहिलं. गवंडी म्हणाला, टाइल्स हलक्या हातानं काढल्या तर निम्म्या तरी वाचतील. आणि मुलांना म्हणाला, "या रे इकडे. आता बूट काढा आणि टाचा टेकवा. उचलेल त्याला मी इथे सिमेंटमध्ये चिकटवीन." मुलं खिदळत अशी घट्ट उभी राहिली, की जणू चिकटलीच होती.

उद्घाटन थोडं लांबलं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या आणि एकदाचे वर्ग भरले. बाईंनी आधी स्वतः नळ सोडून पाहिला. त्यासाठी त्यांना चक्क वाकावं लागलं, कमरेत कळ आली आणि त्या कळेचासुद्धा त्यांना केवढा आनंद झाला. खडूचे हात घेऊन टिकली आली. बाई सवयीनं तिच्यासाठी पुढे झाल्या.

टिकलीनं त्यांना कोपरानं बाजूला सारलं. "बाई, तुम्ही जा. माझं मला येतं."

बाई गेल्या. दाराबाहेर जाऊन रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या. आतून पाण्याचा आवाज येत होता, दप्तरं अडकत होती, खिडकीतून कुणीतरी रस्त्यावरच्या कुत्र्याशी बोलत होतं. बराच वेळ झाला तरी त्यांना कुणीही हाक मारली नाही. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आणखी थोडा वेळ त्या तिथेच थांबल्या.